मुलतानी आणि मागचा पडदा

ठाण्याच्या कचेरीत मी कारकून होतो तेव्हाची गोष्ट. एका वकिलांच्या दिवाणखान्यात दुपारी फिडलचं वादन ठेवलं होतं. वाजवणारा कल्याणहून आलेला, पंधरा वर्षांचा मुलगा. पगडी सैल होती, ती सारखी मागे सारायचा. मांडी घालून बसला, फिडलचं टोक घोट्यावर टेकवलं आणि त्याने मुलतानी राग सुरू केला.

पहिल्याच आलापाला माझ्या मनात पाल चुकचुकली. मुलतानीतला तो अवघड कोमल गंधार मी साठीच्या गवयांकडूनही निसटताना ऐकला होता. ह्या पोराच्या हातून तो येतो कसा? त्याच्या पाठीशी मागच्या खोलीचा पडदा होता. आत एखादा म्हातारा सारंगिया बसवला असणार आणि हा नुसता गज फिरवत असणार, असं मी ठरवूनच टाकलं. ताना सुरू झाल्या तेव्हा मला राहवेना. मी उठलो आणि सगळ्यांदेखत पडदा बाजूला केला.

आत पाण्याचा हंडा होता, माणूस कुणी नव्हता.

मुलाचा गज थांबला नाही. वादन संपल्यावर मी शरमेने त्याच्यापाशी गेलो.

"आत कुणी दिसलं का हो?" त्याने हळूच विचारलं. त्यात चेष्टा नव्हती.

"कुणीसुद्धा नाही रे बाबा. चुकलं माझं."

त्याने पगडी मागे सारली. "माझे गुरुजी दिवाळीत गेले," तो म्हणाला. "वाजवताना मलाही वाटतं, मागे तेच बसलेत. म्हणून मी कधी वळून बघत नाही."

आणि मागे कुणीसुद्धा नाही, हे मी त्याला सांगून बसलो होतो.