खुशालराव गुरुजींनी भरलेला अर्ज

आमच्या जठारपेठेतले खुशालराव गुरुजी तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले, पण त्यांची शाळा काही सुटली नाही. नळ आला नाही म्हणून त्यांच्या बायको कौशल्यावहिनी ओरडल्या, तरी हे विचारणार, "हा विषय केंद्राचा का राज्याचा?"

"माह्या डोक्याचा!" वहिनी म्हणायच्या.

त्यांची मुलगी चंदा केंद्र सरकारच्या नोकरीची परीक्षा पास झाली. वय पाहता ही शेवटचीच संधी होती. राखीव जागेचा अर्ज गुरुजींनी स्वतः भरला होता. आमच्यासारख्या अडाण्यांना हात लावू दिला नव्हता. कागद तपासणाऱ्या साहेबानं मात्र जातीचा दाखला परत सरकवला. त्यांची जात राज्याच्या मागासवर्गीय यादीत आहे, केंद्राच्या यादीत नाही. आणि सवलतीशिवाय चंदा वयात बसत नव्हती.

गुरुजी अमरावतीच्या समाजकल्याण कचेरीत जाऊन आले. तिथला बाबू म्हणाला होता, "केंद्राची यादी आमच्या हातात नाई, गुरुजी. राज्य फक्त शिफारस करते. त्याले किती वर्षं लागतीन, सांगता येत नाई."

मी सवयीनं छेडलं, "मंग गुरुजी, विषय कोणाचा निघाला?"

ते हसले नाहीत. "दरसाल पोरायले हेच शिकवलं न बाप्पा," म्हणाले, "अन् माह्याच पोरीचा अर्ज भरताना मले आठवलं नाई."

वहिनींनी त्यांचं ताट तसंच उचलून नेलं. आतल्या खोलीत चंदा परीक्षेची पुस्तकं रद्दीसाठी बांधून राहिली होती.