भागाची आढी

बातमी आली तेव्हा मी श्रीरामपूरच्या बसस्टँडवर होतो. शेजारच्या शकुंतलेचा फोन आला. "आण्णा, भागवतभाऊ सकाळी उठलेच न्हाईत वं..." भागवतसाठी, म्हणजे माझ्या भागासाठी, घेतलेली भेळ माझ्या पिशवीत होती. आमचं कोल्हार येईपर्यंत ते पुडकं मांडीवर धरून बसलो. कुणाला देववेना आणि टाकवेना. एसटीत कंडक्टरकी करून निवृत्त झालेला माणूस मी, आयुष्य गर्दीत गेलं. पण त्या दिवशी भरल्या गाडीत मला फार एकटं वाटलं.

भागवत माझा शाळेपासूनचा सोबती. बायको लवकर गेली, मुलगा पुण्याला. घर मोठं आणि राहणारा एकटा. आमच्या दोघांच्याही पेरूच्या बागा, म्हणजे बाग म्हणायचं आपलं, चुलीला सरपण निघेल एवढीच झाडं. आमच्या आळीत सगळ्यांचं असंच. काही वर्षांपूर्वी पेरूचा गर काढणाऱ्या फॅक्टरीचा माणूस गावात आला. माल घेऊ म्हणाला, पण पूर्ण गाडी भरून आणि सगळा सारखा पिकलेला. मोठ्या बागाईतदाराला ते सोपं. आमच्याकडं एकाचा पेरू आज पिकणार, दुसऱ्याचा चार दिवसांनी, आणि दोघांचा मिळून टेम्पोचा कोपरासुद्धा भरायचा नाही.

तरी पहिल्या गाडीला सगळ्यांनी माल दिला आणि तिथंच घोळ झाला. पिवळा, मऊ पेरू कंपनीला कसा द्यायचा, याचीच लोकांना लाज वाटली. पाहुण्याला कुणी असलं देतं का? म्हणून प्रत्येकानं निवडून निवडून टणक, हिरवेगार, चकचकीत पेरू भरले, वर शोभेला पाला लावला. फॅक्टरीच्या दारातून गाडी आली तशी परत. "याचा गर कसा काढू?" म्हणाले. त्या आठवड्यात आळीत घरोघरी पेरूची भाजी आणि पेरूची कोशिंबीर. भागा ताटावर बसून हसत होता, आणि मी चिडलो होतो.

मग त्यानं पुढची खोली रिकामी केली. खाट भिंतीला सरकवली, खाली गव्हाचं काड पसरलं आणि आंब्याची घालतात तशी पेरूची आढी घातली. ज्याचं जेवढं निघेल तेवढं आणून ठेवायचं, सगळं एकदम पिकलं की गाडी बोलवायची. रोज सकाळी तो अंगठ्यानं पेरू दाबून बघायचा. बायका विचारायच्या, "भाऊ, उद्या का परवा?" तो डोळे मिटून काहीतरी एक सांगायचा. "नक्की?" म्हटलं की म्हणायचा, "नक्की कोन सांगनार बाई? तवर च्या घ्या." अंदाज निम्म्या वेळा चुकायचा, चहा मात्र चुकला नाही.

एका साली बाजार वधारला. फॅक्टरीसाठी ठरलेला माल घेऊन निम्मी आळी मार्केटला गेली, आणि इकडं फॅक्टरीची गाडी दारात उभी. मी भडकलो, एकेकाच्या घरी जाऊन भांडून आलो. भागा शांतपणे ड्रायव्हरला जेवू घालत होता.

"तुला राग न्हाई येत?" मी विचारलं.

"चार पैसं जास्त मिळाल्यावर कोन सोडंल? येत्याल परत." थोडा थांबून म्हणाला, "आन् खरं सांगू का? गाडी भरली न्हाई तरी चालंल मला. पेरू हाय तवर दाराशी मानसं येत्यात..."

हंगाम सरला की त्या घराकडं कोणी फिरकायचं नाही, हे मला माहीत होतं. मी जायचो. दोन म्हातारे काडाच्या वासात बसून राहायचो.

दिवसकार्य झाल्यावर त्याच्या मुलानं कुलूप लावलं आणि किल्ली माझ्याकडं दिली. म्हणाला, "काका, तुम्हीच बघा." काय बघायचं ते त्यालाही माहीत नव्हतं. आळीत बोलणं सुरू झालं की यंदा आढी नाही, ज्यानं त्यानं आपलं बघावं. फॅक्टरीचा फोन आला, माल नसेल तर आम्ही मोठ्या बागा धरतो. मी नुसतं हो-हो करून फोन ठेवला.

परवा सकाळी बघतो तर शकुंतला दोन क्रेट घेऊन त्या बंद दाराशी उभी. "सवयीनं आले आण्णा," म्हणाली. मी कुलूप काढलं. दोघांनी काड पसरलं. ओझी घेऊन आणखी कुणीकुणी आलं. फॅक्टरीला फोन करायचा तर दिवस सांगायला हवा. मी एक पेरू उचलून अंगठ्यानं दाबला. काही कळलं नाही.

"उद्या का परवा?" शकुंतलेनं विचारलं.

"परवा."

"नक्की?"

"नक्की कोण सांगणार? तोवर चहा घ्या," म्हणालो, आणि सवयीनं आतल्या दाराकडं तोंड करून हाक मारली, "भागा, च्या ठेव रे."

शकुंतला खाली बघून पेरू लावत राहिली.