हातोडा थांबेपर्यंत

बहरैनला मी जहाजदुरुस्तीत पाइप फिटर होतो. गाव देवगडकडचं, मुक्काम मुहर्रकला. एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही चौघं कोकणातले एकत्र राहायचो. विमानतळ इतका जवळ होता की विमान उतरताना बोलणं थांबवावं लागे. सकाळी कंपनीची बस यायची आणि आम्हाला ड्राय डॉकवर, म्हणजे जहाजं दुरुस्त करायच्या कोरड्या गोदीवर, नेऊन सोडायची.

इराण आणि इराक यांचं युद्ध सुरू झालं तेव्हा पहिली काही वर्षं ते आम्हाला रेडिओवरचं युद्ध वाटलं. मग ते समुद्रात आलं. तेलाच्या जहाजांवर क्षेपणास्त्रं पडायला लागली आणि मार खाल्लेली जहाजं टगबोटी ओढत आमच्याकडे आणू लागल्या. पहिलं तसलं जहाज मी जवळून पाहिलं तेव्हा त्यावरची खलाशांच्या राहण्याची चार मजली इमारत काळीठिक्कर पडली होती आणि एका खिडकीच्या चौकटीला पडद्याची चिंधी चिकटून राहिली होती. त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही. घरी लिहिताना मात्र ‘इथे सगळं ठीक आहे, काळजी नको’ हेच लिहीत होतो.

मी सांगतोय ते जहाजही असंच मार खाल्लेलं, बंदराबाहेर नांगरून ठेवलं होतं. गोदीत घेण्याआधी आत काय काय तुटलंय ते बघायला आमची टोळी लाँचने पाठवली. आमचा फोरमन चिपळूणचा, वयाने मोठा, बोलायला कडक पण माणसाला जपणारा. जहाजाचे बहुतेक खलाशी घरी गेले होते. चार-पाच जण राखणीला मागे राहिले होते. त्यातला एक दांडगा, सावळा, कुरळ्या केसांचा माणूस फोरमनने माझ्याबरोबर दिला. वाट त्याला माहीत होती. मी त्याला केरळकडचा समजून हिंदीत बोललो. तो हसला आणि इंग्रजीत म्हणाला, “मी पॅसिफिकचा. तुला माहीत नसेल.”

आम्हाला एका बॅलास्टच्या टाकीत उतरायचं होतं. जहाज रिकामं असताना ते तोलून धरायला समुद्राचं पाणी भरतात, ती ही टाकी. खोली तीन मजली घराएवढी, वर माणूस जेमतेम मावेल असं तोंड, आणि तिथून खाली गेलेली लोखंडी शिडी. गॅस तपासून झाला होता. वरच्या तोंडाशी आमच्यातला एक हेल्पर लक्ष ठेवायला बसला होता. मी उतरलो, पाठोपाठ तो उतरला.

आत अगदी काळोख नव्हता. वरच्या बाजूला पत्र्यात टोपलीएवढं भगदाड पडलं होतं आणि त्यातून उजेडाचा एक पट्टा आत यायचा. लाटांबरोबर तो भिंतीवर हलायचा. ते भगदाड जहाजाच्या मागच्या भागात झालेल्या स्फोटातच पडलं असं सगळ्यांनी धरलं होतं. मी पाइपांवर टॉर्च मारत पुढे गेलो. कोपऱ्यातल्या लोखंडी फासळ्या वाकल्या होत्या, आणि त्यांच्यात काहीतरी अडकलं होतं. आधी मला तो पाइपच वाटला. मग त्याला मागे बॉम्बला असतात तसे पंख दिसले.

मी जागच्या जागी उभा राहिलो. त्या माणसाने माझ्या खांद्यावरून पाहिलं आणि माझा टॉर्चचा हात हळूच खाली केला.

“चल,” तो कुजबुजला. “सावकाश. काही पाडू नकोस.”

आम्ही एकेक पाऊल जपून टाकत शिडीपाशी आलो. आधी तो चढला. तो चार-पाच पायऱ्या चढला असेल नसेल, तोच वर काहीतरी कट्ट करून तुटलं. आगीच्या धगीने वरचे बोल्ट कामातून गेले असावेत. शिडी भिंतीपासून सुटली. त्याने उडी मारली, आणि ती सगळी लांबडी लोखंडी शिडी दाणकन खाली आली.

तो आवाज अजून माझ्या कानात आहे. टाकी घंटेसारखी घणघणली. शिडी घसरत गेली आणि त्या कोपऱ्याच्या थोडी अलीकडे थांबली. आम्ही दोघं डोकी हातांत धरून बसलो होतो. घणघण विरत गेली. काही झालं नाही. माझी पँट ओली झाली होती, ते मला बऱ्याच वेळाने कळलं. त्याच्याही लक्षात आलं असणार, पण त्याने मान वळवून घेतली.

मी वर पाहून हेल्परला हाका मारल्या. वरून कोणी डोकावलं नाही. नंतर कळलं की त्याला सिलिंडर उचलायला बोलावून नेलं होतं. जहाजाचा जनरेटर घरघरत होता, त्यात आमचे आवाज विरून जात होते. जहाजावर अडकलेला माणूस काय करतो? लोखंडावर लोखंड ठोकतो. तो आवाज कुठल्या कुठे जातो. माझ्या पट्ट्याला पाना होता. माझा हात तिकडे गेला, तसा त्याने माझं मनगट धरलं.

“नको. ठोकायचं नाही.”

आणि तेवढ्यात वर हातोडा सुरू झाला. आमचीच माणसं डेकवरचे गंजलेले नट ठोकून सैल करत होती. प्रत्येक घाव पत्र्यातून खाली यायचा, पायांतून अंगात चढायचा. प्रत्येक घावाला मी डोळे मिटायचो. आपल्याला रोज जेवायला हाक मारणारी माणसं आपल्याच डोक्यावर मरण ठोकतायत आणि त्यांना सांगायची सोय नाही, या विचाराने मला रडू यायला लागलं.

त्याने मला त्या कोपऱ्यापासून सगळ्यांत लांबच्या भिंतीशी नेऊन बसवलं. फुटलंच तर त्या अंतराचा काडीचा उपयोग नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं. तोही घाबरला होता. मग तो बोलायला लागला. मला धीर द्यायला की स्वतःला, कोण जाणे.

“आमच्या किनाऱ्यावर असल्या वस्तू खूप,” तो म्हणाला. “मोठं युद्ध झालं तिथे. जपानी, अमेरिकन. तोफा अजून वाळूत गंजतायत. लहानपणी आम्हाला शिकवायचे, वाळूत लोखंड दिसलं तर दगड मारायचा नाही, हात लावायचा नाही. माझ्या मामाने लावला होता.”

बोलणं थांबलं की हातोडा जास्तच ऐकू यायचा, म्हणून मी विचारलं, “देश कुठला तुझा?”

लिहितात किरिबाटी, पण म्हणतात किरिबास, असं त्याने सांगितलं. त्यांच्या भाषेत ‘स’ला अक्षरच नाही, ‘टी-आय’ लिहून ‘स’ म्हणतात. बेटं पुष्कळ, पण जमीन अगदी थोडी आणि मध्ये समुद्रच समुद्र. या टोकाच्या बेटावरून त्या टोकाच्या बेटावर जायला जहाजाला कित्येक दिवस. बेट म्हणजे तरी काय, पोवळ्यांवर साचलेली वाळूची पट्टी. एका बाजूला खवळलेला समुद्र, दुसऱ्या बाजूला शांत खाडी, आणि मध्ये माडांची रांग आणि घरं.

“डोंगर?” मी विचारलं.

“डोंगर नाही. नदी नाही. सगळ्यांत उंच म्हणजे माड.”

वर घाव पडला. आम्ही दोघं दचकलो.

“पाणी कुठलं पिता मग?” मी घाईघाईने विचारलं.

वाळूखाली गोड्या पाण्याचा थर असतो, तो खाऱ्या पाण्यावर तरंगतो, असं त्याने सांगितलं. विहिरीतून बेताने काढायचं. हावरटपणा केला की खालचं खारं पाणी वर येतं आणि विहीर गेली. मी त्याला म्हटलं, इथेही जुन्या झऱ्यांचं पाणी खारट होत चाललंय, प्यायचं पाणी आम्ही वेगळं विकत आणतो. त्याला ते नवीन होतं. त्याने बहरैन डेकवरूनच पाहिलं होतं.

“आणि धंदा काय तुमचा?”

“खोबरं. मासे. आणि मी,” तो म्हणाला. “एका बेटावर खत सापडायचं, जमिनीत. इंग्रजांनी वर्षानुवर्षं उकरून नेलं. आम्हाला स्वातंत्र्य मिळालं त्याच वर्षी ते संपलं. आता परक्यांची मोठी जहाजं येऊन आमच्या समुद्रात मासे धरतात, त्याचे पैसे सरकार घेतं. आणि पोरांना खलाशी करून परक्यांच्या जहाजांवर पाठवतात. तिथे शाळाच आहे त्याची. माझ्या पगारावर तीन घरं जेवतात.”

माझ्या पगारावर दोन जेवत होती. मी ते सांगितलं.

मग त्यानेच विचारलं, “इथे राज्य कोण करतं?”

“अमीर.”

“तुम्ही निवडता?”

“आम्ही कोण निवडणारे? आमचा व्हिसा कंपनीच्या हातात. इथल्या लोकांची संसद होती म्हणे, मी येण्याच्या आधीच ती बंद झाली. या गोष्टी आम्ही मोठ्याने बोलत नाही.”

त्याच्याकडे प्रत्येक गावात सभेचं मोठं घर असतं. माडाच्या झावळ्यांचं छप्पर, भिंती नाहीत. आत कुठल्या घराण्याने कुठे बसायचं ते ठरलेलं, आणि कोणी दुसऱ्याच्या जागी बसत नाही. त्यांच्या संसदेलाही त्या घराचंच नाव दिलंय. संसद आपल्यातली थोडी माणसं पुढे करते आणि त्यातला एक लोक मत देऊन राष्ट्रपती करतात. त्या पदाला त्यांच्या भाषेत लिहितात बेरेटिटेंटी, म्हणतात बेरेसिटेन्स.

“काय?”

“बेरेसिटेन्स. प्रेसिडेंट. आमच्या तोंडात आला की तो असा होतो.”

मला हसू आलं. समोर मरण, पँट ओली, आणि मी हसत होतो. तोही हसला. मग एक जोरदार घाव बसला, कोपऱ्यात काहीतरी किरकिरलं, आणि हसू कुठल्या कुठे गेलं. त्याने डोळे मिटून त्याच्या भाषेत प्रार्थना सुरू केली. मी रामरक्षा म्हणायला गेलो तर दुसरी ओळच आठवेना. पहिलीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत राहिलो.

किती वेळ गेला ते सांगता येत नाही. भिंतीवरचा उजेडाचा पट्टा बराच खाली सरकला होता. आणि मग हातोडा थांबला. जेवणाची वेळ झाली होती.

“आता,” तो म्हणाला.

आम्ही दोघं टाकीच्या तोंडाखाली उभे राहून ओरडलो. माझा घसा फाटला, पण आवाज चिरकाच निघाला. त्याने छाती भरून अशी काही लांबलचक आरोळी दिली की मीच घाबरलो. पुन्हा दिली. पुन्हा. शेवटी वरच्या गोल उजेडात एक डोकं आलं. फोरमन होता. जेवायला मी दिसलो नाही म्हणून शोधत आला होता.

“काय रे, खाली काय झोपलायस काय?”

“दादा, हातोडा मारू देऊ नका! कोणाला मारू देऊ नका! खाली बॉम्ब आहे, फुटलेला नाही!”

तो आणखी खाली वाकला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, “हलू नकोस. मी आहे.” डोकं नाहीसं झालं. थोड्या वेळाने वरचा जनरेटरही बंद झाला. इतकी शांतता पसरली की बाहेरून जहाजाला लागणारं पाणी ऐकू यायला लागलं.

दोर आला. त्या खलाशाने तो माझ्या काखेखालून बांधला. मी म्हटलं, तू आधी जा. तो म्हणाला, “मी जड आहे. झोके खाऊन कुठे आपटलो तर? तू वर जा आणि ओढायला हात लाव.” ते बरोबर होतं. मला वर ओढताना मी भिंतीला पाय लागू नये म्हणून गुडघे पोटाशी घेतले होते. वर पोचल्यावर फोरमनने माझ्या पाठीवर हात ठेवला. मग आम्ही पाच-सहा जणांनी त्या माणसाला इंच इंच वर घेतलं. तो तोंडातून बाहेर आला, डेकवर उताणा पडला आणि आभाळाकडे बघत राहिला. फोरमन एवढंच म्हणाला, “यल्ला, चला, सगळे लाँचमध्ये. हत्यारं राहू देत.”

जहाज आणखी दूर नेऊन उभं केलं. कुठल्याशा परक्या नौदलाची माणसं येऊन त्यांनी ती वस्तू काढून नेली. फोरमनने नंतर सांगितलं, आतली स्फोटक दारू जशीच्या तशी होती.

त्या खलाशाला मनामा शहरात एका लॉजवर ठेवलं होतं. पुढच्या शुक्रवारी मी त्याला मुहर्रकला घरी घेऊन आलो. बाजारातून हामूर मासा आणला, नारळ वाटून आमटी केली. तो हाताने जेवला, वाटी चाटूनपुसून संपवली आणि म्हणाला की जहाजावर चढल्यापासून नारळ घातलेलं कालवण त्याने खाल्लं नव्हतं. माझ्या खोलीतल्या मित्रांनी त्याला हजार प्रश्न विचारले. सौदीला जोडणारा मोठा पूल तेव्हा बांधून होत आला होता, त्याचं आम्ही कौतुक सांगितलं. तो म्हणाला, त्यांच्याकडेही दोन बेटं जोडणारा रस्ता समुद्रात भर घालून बांधतायत.

त्याला सोडायला मी टॅक्सीपर्यंत गेलो. तेव्हा तो म्हणाला, “मला दुसरं जहाज मिळालंय. तेलाचंच. जहाजांवर मारा होतो त्याच सामुद्रधुनीतून पुन्हा जायचंय.”

“नाही म्हण.”

“नाही म्हटलं तर माझ्या मागे घरी रांग आहे. आणि मला पुन्हा घेणार नाहीत.” मग तो म्हणाला, “मला रात्री झोप येत नाही. तुला येते?”

“नाही,” मी म्हटलं.

त्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि टॅक्सीत बसला. पुढे त्याचं काय झालं ते मला कळलं नाही. जहाजाला आग लागल्याची बातमी आली की खलाशी कुठले होते ते मी विचारत असे. ते मात्र कोणाला माहीत नसायचं.

रजा संपवून, त्या शुक्रवारनंतरच्या शनिवारी मी कामावर गेलो. एका टाकीच्या तोंडाशी पोचलो, शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला, आणि पाय पुढे जाईना. मागे माणसं खोळंबली. फोरमनने मला बाजूला घेतलं. दुसऱ्या दिवसापासून त्याने मला जमिनीवरच्या वर्कशॉपमध्ये पाइप कापायला दिलं, आणि बहरैन सोडेपर्यंत मी तेच काम केलं.