उठताना तिप्पट

गल्लीत त्याचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यायची कुणाला गरजही वाटली नव्हती. जळलेल्या मोटरींमधली तार उपसून नवी भरून देणारा, म्हणून तो वायंडर. खाली दुकान, वर पत्र्याच्या छपराच्या दोन खोल्या. पंप असो की पिठाची गिरणी, त्याच्या हातून गेलेली मोटर सहसा परत येत नसे. हात सोन्याचा, पण पोट वाईट. दुसऱ्याचं बरं झालं की त्यात दुखायचं. सगळ्यांचं नव्हे, तेवढा वेळ कुणाला असतो? आपला सगळा जळफळाट त्याने एकाच माणसासाठी राखून ठेवला होता, तो म्हणजे धाकटा साडू.

साडूचा फरशांचा व्यापार. माणूस हसतमुख, सढळ हाताचा, कुणाच्याही घरी गेला की थेट स्वयंपाकघरापर्यंत पोचणारा. सासूबाई त्याला 'राजे' म्हणत, मग सगळं घरच म्हणू लागलं. वायंडर थोरला जावई, पण त्याच्या वाट्याला काय, तर 'आलाच आहात तर जरा मिक्सर बघता का?' तो मिक्सर बघे. बघता बघता बाहेरच्या खोलीतून राजेंच्या विनोदावरचा हशा ऐकू येई, आणि त्याच्या हातातला स्क्रू हमखास खाली पडे.

अशात राजेंनी कॅम्पर घेतली. चाकांवरचं घरच ते. आत दोन पलंग, छोटा ओटा, फ्रिज, न्हाणी. सासूबाईंनी आत बसून फोटो काढून घेतला. वायंडरने गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरला लाथ मारून पाहिली आणि आत धूळ फार बसेल, असं मत दिलं. पुढे छपरावर एसी चढल्याचं कळलं, तेव्हा तर त्याला घास गोड लागेना. त्याच सुमारास बायको काही न अंथरता स्वयंपाकघरातल्या फरशीवर झोपू लागली होती. तेही त्याने राजेंच्याच माथी मारलं. बहिणीचा थाट पाहून हिला आपली खोली नकोशी झाली, असं त्याने ठरवून टाकलं. तिला विचारलं मात्र नाही. विचारलं की उत्तर येतं, आणि उत्तर आलं की ठरवलेलं मोडतं.

मग एके दिवशी राजे स्वतःच दुकानात आले आणि तारांच्या भेंडोळ्यांतून वाट काढत स्टुलावर बसले. धरणाच्या काठी गाडी लावायची होती. तिथे वीज नाही. तेव्हा एसी चालवायला जनरेटर हवा.

"मला यातलं ओ की ठो कळत नाही, साडूभाऊ," राजे म्हणाले. "तुम्ही बोट ठेवाल तो घेतो."

आता एसीच्या मोटरीची एक खोड असते. एकदा फिरू लागली की ती दीड हजार वॅटवर निवांत चालते, पण बंद असताना उठायचं म्हटलं की क्षणभर त्याच्या दुप्पट-तिप्पट वीज मागते. तेवढी मिळाली नाही तर जनरेटर आचके देऊन बंद पडतो. 'मोटर उठताना तिप्पट खाते' हे वाक्य वायंडर रोज जेवताना, कुठल्या ना कुठल्या गिऱ्हाइकाची अक्कल काढत, म्हणत असे.

जनरेटरच्या दुकानात दोन पसंतीला उतरले. एक सुटकेससारखा मुठीला धरून उचलता येणारा छोटा, दुसरा चाकांवर ओढायचा मोठा. दुकानदार मोठ्याची शिफारस करत होता आणि राजेंचा हातही त्याच्याच दांड्यावर गेला होता. त्या दांड्यावरच्या हातातल्या घड्याळाकडे वायंडरने पाहिलं, आणि त्याचं पोट बोललं.

"एसी चालायला दीड हजार वॅट पुरतात. या छोट्यात बावीसशे आहेत. आवाजही कमी. मोठा घेऊन कुठे मिरवायचाय?"

यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. दुकानदाराने त्याच्याकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं. गिऱ्हाइकाने आपला जाणकार बरोबर आणला असला की आपण गप्प बसावं, एवढं व्यवहारज्ञान त्याला होतं. राजेंनी छोटा उचलला. वायंडरच्या डोळ्यांपुढे धरणाचा काठ उभा राहिला. रणरणती दुपार, आजूबाजूचे लोक बघतायत, राजे ऐटीत बटण दाबतायत आणि जनरेटर मान टाकतोय. त्याला इतकं बरं वाटलं की त्याने दुकानदाराला उगाचच पाणी मागितलं आणि भांडंभर प्यायला.

ते सुख परतीच्या वाटेवरच्या पहिल्या सिग्नलपर्यंत टिकलं.

"खरं सांगू का," राजे गाडी थांबवून म्हणाले, "एसी मी बसवणारच नव्हतो. ताईंसाठी बसवला. परवा ही तुमच्याकडे आली ना, तर भर दुपारी ताई फरशीला गाल लावून पडलेल्या. या वयात अंगातून वाफा निघतात म्हणे. वर तुमचा पत्रा. ही घरी येऊन रडली हो. म्हटलं, चौघं जाऊ, ताईंना चार दिवस गारव्यात झोप तरी लागेल."

सिग्नल सुटला. वायंडरला लाज वाटली, हे खरंच. पण त्या लाजेखालूनही पुन्हा जळफळाटच वर आला. आपल्या बायकोला उकडतं, हे आपल्याआधी या माणसाला कळावं! दुकान अजून मागच्याच वळणावर होतं. 'राजे, गाडी वळवा, मोठाच घेऊ' एवढंच म्हणायचं होतं. पण म्हटलं की चुकलो हे कबूल करायचं, तेही कुणापुढे, तर राजेंपुढे. तो खिडकीबाहेर बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच जाऊन सॉफ्ट स्टार्टर घेऊन आला. मुठीएवढी डबी. ती जोडली की मोटर धसक्याने उठत नाही, हळूहळू वेग घेते, आणि छोट्या जनरेटरवरही भागतं. वायरिंग एकदा तपासून घेतो, असं सांगून तो कॅम्परच्या छपरावर चढला. पत्रा तव्यासारखा तापला होता, गुडघे भाजत होते. खाली राजेंनी शिडी धरली होती, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगत होते की आमचे साडूभाऊ म्हणजे कामाला वाघ. प्रत्येक वेळी वायंडरचा पाना घसरे.

धरणावर पोचले तेव्हा ऊन मी म्हणत होतं. धूर आत येऊ नये म्हणून वायंडरने जनरेटर गाडीपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवला. राजेंनी आत जाऊन एसीचं बटण दाबलं. जनरेटरचा आवाज किंचित जड झाला, मोटर हळूच उठली आणि लागली फिरायला. शेजारच्या गाडीवाल्याकडे याच्या दुप्पट जनरेटर होता. तो बघायला आला आणि मान हलवून गेला. राजेंनी लगेच सासूबाईंना फोन लावला, सगळी हकिगत रंगवून सांगितली आणि फोन वायंडरच्या कानाला धरला.

"आमचे थोरले जावई हुशारच," पलीकडून सासूबाई म्हणाल्या.

जे ऐकायला तो उभा जन्म थांबला होता, ते हे. आणि आता ते ऐकून त्याचे कान जळत होते. तो आत गेला. बायको पलंगावर पडली होती, आणि कित्येक महिन्यांनी तिने अंगावर चादर ओढून घेतली होती.

"ती छपरावरची डबी तुम्ही नंतर बसवलीत," ती म्हणाली.

"कसली डबी?"

"रिकामं खोकं तुमच्या पिशवीत होतं. मोटर उठताना तिप्पट खाते, हे ऐकून ऐकून दगडालाही पाठ झालं असतं. दुकानात बरं तुम्हाला आठवलं नाही?"

तिचा आवाज चढला नव्हता, तो चढला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"राजे मोठाच घेणार होते. मीच म्हटलं, ह्यांना विचारून घ्या. माणूस हेकट आहे, म्हटलं, पण मोटरीच्या बाबतीत कुणाला फसवणार नाही."

एवढं बोलून तिने भिंतीकडे तोंड केलं. बाहेर राजे आपल्या बायकोला हसत हसत काहीतरी सांगत होते, ताटं मांडत होते. वायंडरला त्यांचा हेवा वाटला, इतक्या वर्षांत कधी वाटला नव्हता तेवढा. त्या माणसाला कुणापासून काही लपवायचं नव्हतं.

"गार लागतंय," बायको भिंतीकडे बघूनच म्हणाली. "जरा कमी करा."

त्याने हात वर करून एसी कमी केला, आणि जेवायची हाक आली तरी तिथेच उभा राहिला.