बिनआवाजाचा पंखा

माझ्या जाऊबाई वस्तू डोळ्यांनी पसंत करत नसत, कानांनी करत. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सगळी नोकरी कानाला यंत्र लावून झालेली. पलीकडचा माणूस रडून आलाय, रागात आहे की तोंडात घास घेऊन बोलतोय, हे त्या नुसत्या ‘हॅलो’वरून सांगत. घरात आम्हाला याचा जाच होता. आतल्या खोलीत डब्याचं झाकण उघडलं की बाहेरून हाक आलीच, "कोण खातंय गं तिकडे?"

आणि अशा बाईला नवरा मिळाला तो छापखान्यातला. दिवसभर यंत्रांच्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय. घरी मीठ मागितलं तरी अख्ख्या गल्लीला कळायचं. माघारी आम्ही भाऊजींना भोंगा म्हणायचो आणि त्यांना ते पक्कं ठाऊक होतं. "भोंगा आला, पानं वाढा," असं स्वतःच म्हणत ते दारात चपला काढायचे. जाऊबाई कानांवर हात ठेवायच्या, पण बोटांच्या फटीतून हसायच्या.

त्या भोंग्याचं दुखणं हाडांत उतरलं तेव्हा सगळं घरच खाली बसलं. ते अंथरुणाला खिळले. हाक मारायला छाती फुगवली की बरगड्यांतून कळ जायची, म्हणून हळूहळू त्यांचा आवाज लहान होत गेला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की हे आता बरं होणारं नाही, आणि दुखणं मारायच्या गोळ्या याहून वाढवता येत नाहीत. पण भाऊजी दुखण्याबद्दल चकार शब्द काढत नसत. "एवढं दुखणं, पण कण्हल्याचा आवाज अजून माझ्या कानावर आला नाही," असं जाऊबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. त्या वाईट दिवसांत त्यांना मिरवायला तेवढंच उरलं होतं.

काम करताना लक्ष राहावं म्हणून भाऊजींची खाट स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत आणली होती. मध्ये फक्त एक दार. तेल तापलं, कांदा परतला की धूर थेट खाटेपर्यंत यायचा. त्यांना ठसका लागायचा आणि प्रत्येक ठसक्याला अंग पिळवटून निघायचं. त्यामुळे चूल पेटली की खिडकीवरचा धूर ओढणारा पंखा लावावाच लागे. तो पंखा म्हणजे एक प्रकरण होतं. सुरू होताना खाकरायचा, मग असा घरघरायचा की ओट्यावरच्या वाट्या सरकायच्या. "माझं छापायचं यंत्र घरी आणून बसवलंय," असं भाऊजी म्हणत.

एके दुपारी जाऊबाई तळण करत होत्या. काम उरकून त्यांनी पंखा बंद केला तेव्हा त्यांना शेजारून खरवडल्यासारखा आवाज आला. भाऊजी पाण्याचा पेला घ्यायला गेले होते आणि खाटेवरून घसरून जमिनीवर पडले होते. हात अंगाखाली अडकलेला. किती वेळ पडले होते कोण जाणे. ते म्हणाले, आत्ताच पडलो. जाऊबाईंनी ओळखलं की हे खोटं आहे.

"मी भिंतीपलीकडे उभी होते गं," त्या मला म्हणाल्या. "फोन वाजत राहिला आणि मी उचलला नाही, असं झालं हे. पुन्हा व्हायचं नाही."

दुसऱ्या दिवसापासून आमची पंखेशोध मोहीम सुरू झाली. धूर ओढला पाहिजे, पण शेजारच्या खोलीतली कुजबुजसुद्धा ऐकू आली पाहिजे, ही अट. एका दुकानदाराने पंखा हातात धरून चालवून दाखवला. "बघा, आहे का आवाज?" जाऊबाई म्हणाल्या, "हातात सगळेच गरीब असतात. त्या फळीला टेकवून लावा." फळीला टेकवताच पंखा भुंग्यासारखा गुणगुणायला लागला.

"अहो बाई, पंखा आहे, आवाज करणारच."

"नवरा आहे, घोरणारच, असं तुमची बायको म्हणते का?"

"रोजच म्हणते," तो बिचारा बोलून गेला.

अशी किती दुकानं पालथी घातली. जाऊबाई डोळे मिटून, कान लावून उभ्या, आणि मी शरमेने इकडेतिकडे बघत. एकाची पाती शिट्टी वाजवायची, एकाची झडप फडफडायची. खोक्यावर आवाजाचा आकडा छापलेला असे. त्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. शेवटी एका कोपऱ्यातल्या दुकानात त्यांना हवा तो मिळाला. आत बॉल बेअरिंग, तेलकटपणा अडवणारी काढून धुता येणारी जाळी, आणि फळीला टेकवला तरी गप्प. चालू आहे हे कळायला मला समोर कागद धरावा लागला.

वायरमनने तो बसवला तेव्हा त्या स्टुलापाशीच उभ्या होत्या. स्क्रूखाली रबर घालायला लावलं. पाइप वळणं न घेता सरळ बाहेर काढायला लावला. "वळणावर वारा अडला की पाइप बोंबलतो," असं वायरमनच म्हणाला होता, तेच त्याला चारदा ऐकवलं. जुना पंखा त्याच दुपारी भंगारवाला घेऊन गेला.

नवा पंखा लागला आणि खरोखर घर शांत झालं. धूर वर जायचा, ठसका नाही. भाऊजींनी पेल्यात चमचा फिरवला तरी ओट्याशी ऐकू यायचा.

"आता नुसतं हं म्हणा, मी आले समजा," जाऊबाई त्यांना म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी त्या आनंदात होत्या.

"फार छान," भाऊजी म्हणाले. "काही आवाजच नाही."

पुढच्या दिवसांत मात्र ते झपाट्याने खंगले. मी रोज त्यांच्यापाशी जाऊन बसू लागले. चादर बदलताना पाहिलं, उशाचा टॉवेल एका टोकाला चावून चावून विरला होता. मी तो घडी करून परत उशाशी ठेवला.

एका सकाळी जाऊबाई भाजी चिरायला आत गेल्या. मी खाटेशी होते. कढईत काही पडल्याचा चर्र आवाज आला. भाऊजी दाराकडे बघत होते. कपाळावर घाम.

"अगं, पंखा लाव ना," ते म्हणाले.

"लावलाय की!" आतून उत्तर आलं. "चालूच आहे."

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि टॉवेलचं टोक दातांत धरलं. अंग ताठ झालं. मी घाबरून वाकले, विचारलं, "भाऊजी, काय होतंय? बोलावू का त्यांना?"

त्यांनी मानेनेच नको म्हटलं. कळ ओसरल्यावर टॉवेल सोडला आणि अगदी हळू म्हणाले, "जुना होता तो बरा होता गं. तिचा स्वयंपाक होईपर्यंत तेवढं कण्हून घेता यायचं. तिला ऐकू जायचं नाही. आता दिवसभर तोंड दाबून ठेवावं लागतं." मग घाईने म्हणाले, "तिला सांगू नकोस. फार फिरून आणलाय तिने."

मी उठून आत गेले. जाऊबाई ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. कढईतला कांदा करपत होता आणि त्यांच्या हातातला झारा तसाच वर धरलेला. पंखा डोक्यावर फिरत होता, निमूट. त्या कानांना यातला एक शब्दही चुकला नव्हता.

मला वाटलं, आता रडतील. त्यांनी गॅस बंद केला. फडताळातून मिक्सर काढला, भांडं बसवलं. आत काही घातलं नाही. बटण फिरवलं तशी कानठळ्या बसवणारी घरघर सुरू झाली, आणि तिच्या आडून, पलीकडच्या खोलीतून, भाऊजींचा आवाज आला. असा आवाज मी माणसाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मी कान झाकले. जाऊबाईंनी झाकले नाहीत. एक हात मिक्सरच्या झाकणावर दाबून त्या उभ्या राहिल्या.

"काय वाटतेस एवढं?" नंतर भाऊजींनी विचारलं.

"चटणी," त्या म्हणाल्या.

त्यानंतर त्या रोज चटणी वाटायच्या. पानात चटणी कधी आली नाही आणि भाऊजींनीही कधी मागितली नाही. पण रिकामा मिक्सर फार वेळ चालत नाही. तो तापायचा, जळका वास सुटायचा आणि जाऊबाईंना बटण बंद करावं लागायचं. त्याच क्षणी पलीकडे भाऊजीही तोंड मिटून घ्यायचे.