थरथरणारा लांडगा

चादर अर्धी पिळून झाली होती, तेवढ्यात दादा भरदुपारीच स्टुडिओतून घरी आला. बहिणीने काही न विचारता चादरीचं दुसरं टोक त्याच्या हाती दिलं. त्याचे हात नेहमीसारखे थरथरत होते. ही गोष्ट आजवर त्या दोघांनाच ठाऊक होती.

स्टुडिओत बनत असलेल्या कार्टूनपटाच्या शेवटी लांडगा हरणाच्या मागे लागतो. त्या पाठलागातलं एकेक चित्र दादाने हाताने काढलं होतं आणि आज ती सगळी पहिल्यांदाच पडद्यावर धावली.

"हरिण थरथरताना बघून साहेब खूश झाले," दादा म्हणाला. "काय भीती दाखवलीय म्हणाले."

"मग तोंड का पाडलंयस?"

"मागून लांडगा आला. तोही थरथरत होता गं."

तिला हसू फुटलं आणि लगेच विरलं.

"साहेबांनी माझ्या हातांकडे बघितलं. आता पाठलाग दुसरा कुणीतरी काढणार. मला उद्यापासून सुट्टी."

देव बघेल, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण रोज देवापुढे बसून तिने याच हातांसाठी गाऱ्हाणं घातलं होतं. तिने चादर दोरीवर टाकली.

"माझ्याच्याने तिथे परत जाववणार नाही," तो म्हणाला. "टेबल रिकामं करून मागितलंय."

चपला घालून ती त्याच्या पेन्सिली आणायला स्टुडिओकडे निघाली.