पिशवीतले कुळीथ

मी पोलादपूरकडच्या कापडे गावची आजी. विसरलात ना? भाकऱ्या थापतानाच्या माझ्या फोटोला एवढे अंगठे दिलेत, भेटायला येतो म्हणून लिहिलंत... तवा कधीचा निवला, आलं कुणीच नाही.

मला अक्षर येत नाही. मी बोलते आणि नात प्रज्ञा माझं बोलणं जरा सरळ करून टाईप करते. पुढच्या महिन्यात तिचं लग्न आहे, म्हणून सध्या मी महाडला तिच्या घरी मुक्कामाला आहे.

परवा रविवारी इथे चुलत्या-पुतण्याचं वाजलं. चुलता म्हणजे माझा धाकटा मिलिंद, प्रज्ञाचा बाप, कचेरीतून रिटायर झालेला. पुतण्या म्हणजे थोरल्याचा सुमेध, पुण्यात कॉम्प्युटरवर काम करतो. भांडण समोरासमोर नाही हो... फेसबुकवर, सगळ्या गावादेखत.

सुमेधने लिहिलं होतं, की सरकारला लोकांचे फोन चोरून वाचायची मुभा नसावी. त्याखाली मिलिंदने लिहिलं, ज्याने काही केलं नाही त्याला भीती कसली? मग वाढतच गेलं. शेवटी मिलिंदने विचारलं, "तू काय लपवतोयस ते सांग आधी." सुमेधने लग्नाला येणार नाही म्हणून कळवून टाकलं.

प्रज्ञाला सख्खा भाऊ नाही, जो काय तो सुमेध. पोरगी जेवली नाही.

मी तिला म्हटलं, वाच गो मला सगळं. सुमेधचं ऐकलं, वाटलं पोराचं बरोबर आहे. मिलिंदचं ऐकलं, त्याचंही बरोबर वाटलं. पावसाळ्यात आमच्या आळीतला एक म्हातारा आंबेनळी घाटात वाट चुकला होता, तो पोलिसांना मोबाईलवरूनच सापडला. तेव्हा आम्ही हातच जोडले होते की... मग आता भांडायचं कशाला? पण तो म्हातारा हरवला होता. मी तर इथे पलंगावर बसलेय, मला कशाला शोधता?

डोक्याचा पार भुगा झाला. मग मला कुळीथ आठवले.

आमचे हे मुंबईला गोदीत होते. निरोप धाडायचा तर गावातलाच कुणी जाणारा गाठायचा. तो एसटीत बसला की पोलादपूर येईपर्यंत अर्ध्या गाडीला आमच्या घरातलं ठाऊक. म्हणून आम्ही दोघांनी ठरवलेलं... मी पिशवीत वाल पाठवले तर घरी सगळं ठीक. कुळीथ पाठवले तर रजा काढून निघून या, का ते कुणाला विचारू नका.

कुळीथ मी एकदाच पाठवले. मिलिंदपायी. तेव्हा तो सोळा-सतरा वर्षांचा असेल.

काय झालं होतं ते सांगणार नाही. इथे प्रज्ञा टाईप करायची थांबली, म्हणते आजी सांग ना... नाही. चोरी नव्हती, कुणाचं वाईट केलं नव्हतं. पण गावात कळलं असतं तर पोराला मान वर करून चालता आलं नसतं. हे आले, सगळं निस्तरलं, कुणाला पत्ता लागला नाही.

संध्याकाळी मिलिंदला जवळ बसवलं. म्हटलं, "कुळीथ आठवतात का रे?"

त्याचा हात चहाच्या कपावर तसाच राहिला. आधी मुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. हळूच म्हणाला, "आये, ते कुणाला बोलू नको."

म्हटलं, "का रे बाबा? तू तर काय केलं नाय. मग भीती कसली?"

त्याने कप खाली ठेवला. मग फोन घेऊन आतल्या खोलीत गेला आणि दार लावून सुमेधशी बोलला. बायकोलाही आत घेतलं नाही! काय बोलला विचारलं, तर म्हणे आमचं आमच्यात. मी हसले, तसा तोही हसला. सुमेध अजून येतो म्हणालेला नाही, बघतो म्हणालाय.

सरकारने वाचावं की वाचू नये, ते मला अजून कळलेलं नाही. तुम्हा शिकलेल्यांना कळलं असेल तर खाली लिहा, प्रज्ञा वाचून दाखवेल. मला एवढंच कळलं, की माझ्या पोराचं एक गुपित मी इतकी वर्षं सांभाळलं, म्हणून आज तो दुसऱ्याला असले प्रश्न विचारण्याइतका मोठा झाला.

सुमेध, आता तुझ्यासाठी. लग्नाला येणार असलास तर पुण्याहून अंजीर पाठव. येणार नसलास तर बाकरवडी. याचा अर्थ बाकी कुणी विचारू नये, हे आमच्या दोघांतलं आहे... आणि माझे दात तुला ठाऊक आहेत, तेव्हा अंजीरच पाठव.